आधी तळपाय बघा, मग रक्त

सोलापुरात कॅन्सरच्या रक्ततपासणीवरून जो वाद चाललाय, तो दोन्ही बाजूंनी चुकीच्या जागी चाललाय. सोसायट्या, समाजमंडळं, कारखाने यांच्या आरोग्य शिबिरांत 'फुल बॉडी चेकअप'ची पॅकेजं विकली जातात. शुगर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल यांच्या मागे सीईए, सीए-१२५, सीए १९-९, पीएसए असे टुमर मार्कर, म्हणजे कॅन्सर असेल तर रक्तात वाढू शकणारे पदार्थ, जोडलेले असतात आणि कॅन्सर वेळेआधी कळेल असा भरवसा दिला जातो. एक बाजू म्हणते, चार पैसे गेले तरी चालतील, जीव तर वाचतोय. दुसरी म्हणते, ही लॅबवाल्यांची लूट आहे, मार्कर हा प्रकारच बोगस. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, माझं घर याच कामावर चालतं, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. निरोगी माणसाच्या रक्तात कॅन्सर हुडकायला म्हणून टुमर मार्कर विकणं बंद व्हायला हवं. आणि ज्याला कॅन्सर झाल्याचं नक्की झालंय, त्याला योग्य ते मार्कर आज मिळतात त्यापेक्षा कितीतरी सहज आणि स्वस्तात मिळायला हवेत. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. एकाच समजुतीतून त्या निघतात.

हे मी एका दुर्मिळ कॅन्सरच्या आधारानं मांडणार आहे: तळपायाचा मेलॅनोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. गोऱ्या कातडीच्या देशांत तो भरपूर आढळतो आणि तिथं त्याचा संबंध उन्हाशी असतो. भारतात त्याचं प्रमाण लाखात एकापेक्षाही कमी. पण आपल्याकडे जो होतो त्यातला मोठा वाटा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि त्यात उन्हाचा हात फारसा नसतो. म्हणून 'आपण काळे, आपल्याला कातडीचा कॅन्सर होत नाही' ही समजूत इथं जिवावर बेतते. सुरुवातीला तो एक काळा किंवा तपकिरी डाग असतो, कडा वेड्यावाकड्या, रंग कुठे गडद कुठे फिका. माणूस त्याला कुरूप समजतो, भोवरी समजतो, बाभळीचा काटा आत राहिला असेल म्हणतो, मधुमेह असेल तर शुगरची जखम म्हणतो. काही मेलॅनोमात तर काळा रंगही नसतो, नुसतं लालसर मांस वाढल्यासारखं दिसतं. अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टनं १९७० मध्ये दाखवून दिलं, की या कॅन्सरचं भवितव्य ठरतं ते गाठीच्या जाडीवर, तीही मिलिमीटरमध्ये मोजलेल्या. एक मिलिमीटरच्या आत असताना कापून काढला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. चार मिलिमीटरच्या पुढे गेला की चित्र पार बदलतं. म्हणजे खरा सामना मिलिमीटरचा आहे, आणि तो रक्ताच्या नळीत खेळला जात नाही.

पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार जांघेतल्या गाठीच्या सुईतपासणीसाठी माझ्याकडे पाठवला गेला होता. पन्नाशीचा माणूस, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले, सोबत बायको. हातात प्लास्टिकची फाइल. त्यात शिबिरातल्या पॅकेजचा रिपोर्ट सगळ्यांत वर नीट लावून ठेवलेला. पाच-सहा मार्कर, प्रत्येकापुढे हिरवी खूण. गाठीत सुई घातली तर सिरिंजमध्ये शाईसारखा काळा द्रव आला. त्यांना म्हटलं, काका, चप्पल काढा, दोन्ही पाय दाखवा. डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला पाच रुपयांच्या नाण्याएवढा निळसर काळा चट्टा, मधोमध ओली जखम, आणि भोवती ब्लेडनं तासून तासून पांढरी पडलेली कातडी. आधी कॉर्न कॅप, मग चुना, मग ब्लेड. जखम चिघळली तेव्हा काळजी वाटून त्यांनी शिबिरात रक्त दिलं, आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून पायाचा विषयच मागे टाकला. "रक्तात काय नाही म्हणालेत की ओ डॉक्टर," त्यांनी विचारलं, "मग गाठीत कुठनं आलं?" फाइलमधल्या एकाही कागदावर त्यांच्या पायाचा उल्लेख नव्हता. शिबिरात त्यांची उंची मोजली होती, वजन केलं होतं, रक्तदाब घेतला होता. चप्पल मात्र कुणी काढायला लावली नव्हती.

त्या पॅकेजमधल्या एकाही मार्करचा मेलॅनोमाशी संबंध नव्हता. सीईए प्रामुख्यानं आतड्याच्या कॅन्सरच्या पाठपुराव्यासाठी, सीए-१२५ अंडाशयाच्या, पीएसए प्रोस्टेटच्या. पण समजा, पॅकेज बनवणाऱ्यानं मेलॅनोमाचे मार्करही त्यात घातले असते, तर? रक्तातले त्यातल्या त्यात उपयोगी दोन. पहिला एस-१००बी. मेंदूच्या ऊतीत १९६५ मध्ये सापडलेल्या प्रथिनांच्या कुटुंबातला हा एक. मेलॅनोमाच्या पेशी तो बनवतात, म्हणून जर्मनी, स्वित्झर्लंडसारख्या देशांत पाठपुराव्यात त्याचा वापर होतो. अमेरिकेत तसा प्रघात नाही, त्यामुळे तज्ज्ञांतही त्यावर एकमत आहे असं समजू नये. दुसरा एलडीएच, पेशींतलं एक विकर, ज्याची चाचणी आपल्याकडे कुठल्याही लॅबमध्ये होते. आता हे दोन्ही वाढतात कधी? गाठीचा बोजा मोठा झाला, पेशी मरून त्यांच्यातलं प्रथिन रक्तात सांडायला लागलं, यकृतापर्यंत किंवा फुफ्फुसापर्यंत आजार पोचला, की मग. एक मिलिमीटर जाडीचा मेलॅनोमा रक्तात काहीही मोजण्याजोगं सोडत नाही. म्हणजे ज्या टप्प्यावर माणूस वाचवता येतो, त्याच टप्प्यावर ही चाचणी गप्प असते. मग 'वेळेआधी ओळखा' हा भरवसा कशाच्या जोरावर दिला जातो?

इथं समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो, आणि तो मला मनापासून मान्य आहे. आपल्याकडे कॅन्सर उशिरा कळतो. लोक वेदना सुरू झाल्याशिवाय येत नाहीत, बाया तर घरातल्या सगळ्यांचं करून झाल्यावर येतात. विडी वळणारी बाई एक दिवस दवाखान्यात गेली की त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा ठिकाणी रक्त घेणारा मुलगा दारापर्यंत येत असेल, तर त्या संधीचा फायदा का घेऊ नये? शिवाय 'माझ्या मेहुण्याचा पीएसएवरूनच कळला' असं सांगणारा माणूस प्रत्येक गल्लीत भेटतो आणि तो खोटं बोलत नसतो. हिपॅटायटिस बी झालेल्या किंवा यकृत खराब झालेल्या रुग्णात यकृताच्या कॅन्सरवर नजर ठेवायला एएफपी या मार्करचा उपयोग होतो. सगळेच मार्कर सगळ्याच ठिकाणी निरुपयोगी आहेत असं म्हणणारा माणूस डॉक्टर असला तरी चुकतोय.

पण एक साधा हिशेब घालू. धरून चालू, की एक लाख निरोगी सोलापूरकरांची अशा कॅन्सरसाठी तपासणी केली, जो लाखात एकाला होतो. चाचणी अशी चांगली धरू की ती निरोगी माणसाला ९५ टक्के वेळा बरोबर 'नॉर्मल' म्हणते आणि खरा रुग्ण कधीच सोडत नाही. अशी चाचणी आज अस्तित्वात नाही, तरी धरू. निकाल काय येईल? एक खरा रुग्ण, आणि त्याच्यासोबत सुमारे पाच हजार निरोगी माणसं, ज्यांच्या हातात 'वाढलेला' असा रिपोर्ट. त्या पाच हजारांत तो एक कोण, हे रिपोर्ट सांगत नाही. सीटी स्कॅन, पेट स्कॅन, पुण्या-मुंबईच्या खेपा, गहाण पडलेलं सोनं, रात्ररात्र जागणारं घर, हे पाच हजार घरांत होणार. आता त्यात पॅकेजची भर घाला. बहुतेक चाचण्यांची 'नॉर्मल' मर्यादाच अशी आखलेली असते, की निरोगी माणसांतले ९५ टक्के त्यात बसावेत. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा बारा चाचण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता ४६ टक्के. सिगारेट ओढणाऱ्याचा सीईए वाढतो. पाळी चालू असताना, गरोदरपणात सीए-१२५ वाढतो. पित्ताशयाच्या खड्यानं कावीळ झाली तर सीए १९-९ वाढतो. हे कुणी रिपोर्टच्या तळाशी ठळक छापतं का?

हा प्रयोग नवा नाही, जगानं तो मोठ्या प्रमाणावर करून पाहिलाय. सीईए १९६५ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये सापडला, तेव्हा आतड्याचा कॅन्सर रक्तातून ओळखणारी चाचणी हाती आली अशी आशा पसरली. पुढे कळलं, की तो इतर कॅन्सरमध्ये वाढतो, कॅन्सर नसतानाही वाढतो, आणि सुरुवातीच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढत नाही. आज तो शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्यापुरता उरला आहे, आणि तिथं तो चोख काम करतो. जपाननं १९८० च्या दशकात याहून मोठं पाऊल उचललं. सहा महिन्यांच्या बाळांची लघवी देशभर तपासून न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा कॅन्सर शोधायला सुरुवात केली. चाचणी स्वस्त, बाळाला टोचायचंही नाही. कुणाला आक्षेप असणार? रुग्ण धडाधड सापडायला लागले. पण सापडलेल्यांतल्या बऱ्याच गाठी अशा होत्या, की त्या आपोआप विरून गेल्या असत्या, आणि ज्या जीव घेणाऱ्या होत्या त्या या चाचणीत सापडतच नव्हत्या. निरोगी वाढली असती अशा बाळांना शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी सोसावी लागली. जर्मनी आणि क्वेबेकमधल्या अभ्यासांनी २००२ मध्ये दाखवलं, की अशा तपासणीनं मृत्यू कमी होत नाहीत, आणि त्यानंतर जपाननं तो कार्यक्रम थांबवला. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफी वापरून वर्षानुवर्षं चाचणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला. सीए-१२५ वापरलेल्या गटात काही कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडले, तरी मृत्यू घटले नाहीत. आधी सापडणं आणि जीव वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध केल्याशिवाय पहिली विकणं हा अप्रामाणिकपणा आहे.

कुणी म्हणेल, हे परदेशातले दाखले झाले, आपल्याकडच्या खेड्यातली परिस्थिती त्यांना काय ठाऊक? मग बार्शीचाच दाखला घेऊ. ग्रामीण भागातली देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत सुरू झाली. पुढे तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलनं मुंबईच्या टाटा मेमोरियलबरोबर शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी प्रचंड मोठी चाचणी केली. ३० ते ५९ वयोगटातल्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांच्या गटांनुसार चार भागांत विभागलेल्या. एका भागात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात नेहमीची सेवा. आठ वर्षांनी हिशेब केला तेव्हा एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे निघाले, ३४ विरुद्ध ६४. उरलेल्या दोन पद्धतींनी त्या अभ्यासात ठळक फरक पडला नाही. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर त्याचे पडसाद उमटले. चौथ्या भागातल्या बायकांची तपासणी केली नाही यावर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते गंभीर आहेत, ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पण मुद्दा हा, की तपासणी उपयोगी आहे हे कसं सिद्ध करतात, ते आपल्या शेजारच्या तालुक्यांतल्या बायकांनी जगाला दाखवून दिलं. तिथं तीनपैकी दोन चाचण्या कसोटीला उतरल्या नाहीत. आणि आपण मात्र कुठल्याही कसोटीवर न उतरलेले पाच-सहा मार्कर शिबिरात घाऊक वाटतो. बार्शीच्या जिल्ह्यात राहून एवढं तरी विचारायला नको का, की तुमच्या पॅकेजनं किती मृत्यू टळले?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण 'मार्कर बोगस' म्हणणाऱ्यांमुळेही नुकसान होतंय. मार्करचा आब कशात आहे हे समजायला मिन चिऊ ली यांची हकिकत माहीत हवी. चीनमध्ये जन्मलेला हा डॉक्टर १९५० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत काम करत होता. गर्भाच्या वारेच्या पेशींपासून होणारा कोरिओकार्सिनोमा तेव्हा म्हणजे मृत्यूच. ली यांनी मेथोट्रेक्सेट हे केमोथेरपीचं औषध द्यायला सुरुवात केली आणि फुफ्फुसातल्या गाठी एक्स-रेवर दिसेनाशा झाल्या. सगळ्यांच्या मते उपचार संपला होता. ली यांच्या मते संपला नव्हता, कारण रुग्णाच्या लघवीत एचसीजी हे संप्रेरक अजून सापडत होतं. दिसत नसली तरी गाठ कुठंतरी जिवंत आहे असं म्हणून ते एचसीजी शून्यावर येईपर्यंत विषारी औषध देत राहिले. बऱ्या झालेल्या रुग्णांवर उगाच प्रयोग करतोय असं ठरवून त्यांना नोकरीवरून जावं लागलं. मार्कर शून्य होईपर्यंत औषध मिळालेल्या बायका पुढे बऱ्या राहिल्या. ज्यांचा उपचार आधी थांबवला होता त्यांचा आजार उलटला. १९७२ मध्ये ली यांना लास्कर हा वैद्यकातला मानाचा पुरस्कार मिळाला. गाठ माहीत आहे, तिचा मार्कर कोणता तेही माहीत आहे, आणि आता ती संपली की नाही हा प्रश्न आहे, अशा वेळी मार्करइतका प्रामाणिक साक्षीदार नाही.

त्वचेच्या आणखी एका दुर्मिळ कॅन्सरमध्ये हेच घडतंय. मर्केल सेल कार्सिनोमा हा मेलॅनोमापेक्षाही विरळा. सिरिल टोकर यांनी १९७२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. २००८ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांना त्याच्या गाठींत एक नवा पॉलिओमा विषाणू सापडला. सुमारे ८० टक्के गाठींत तो असतो. शरीर त्या विषाणूच्या कॅन्सरकारक प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि सिएटलमधल्या गटानं त्यावर रक्ताची चाचणी उभी केली. निदानाच्या वेळी साधारण निम्म्या रुग्णांत ती प्रतिपिंडं सापडतात. उपचार यशस्वी झाला की पातळी उतरते, आजार परतला की पुन्हा चढते, काही वेळा स्कॅनवर काही दिसायच्या आधीच. किती देखणी चाचणी! तरी तीसुद्धा निरोगी माणसात कॅन्सर शोधायला वापरा असं तिच्या निर्मात्यांनी म्हटलेलं नाही. निदान झाल्यावर लवकरात लवकर पहिली पातळी मोजून ठेवायची आणि पुढच्या प्रत्येक पातळीची तिच्याशी तुलना करायची. ज्याची पहिली पातळी नोंदलेलीच नाही, त्याच्यासाठी नंतरच्या आकड्याची किंमत खूप कमी होते.

मेलॅनोमात एलडीएचचं स्थान असंच आहे. आजार दूर पसरलेला असेल, तर एलडीएच वाढलाय की नाही हे आंतरराष्ट्रीय टप्पानिश्चितीतच धरलं जातं, आणि इम्युनोथेरपी किंवा मेलॅनोमावरच्या गोळ्यांना शरीर कसा प्रतिसाद देईल याचा अंदाज त्यावरून येतो. म्हणजे शिबिरात ज्याला काडीची किंमत नाही, तो आकडा चौथ्या टप्प्यातल्या रुग्णाच्या बाबतीत मोलाचा ठरतो. पण त्यासाठी नमुना धड हवा. तांबड्या पेशींत एलडीएच प्लाझ्मापेक्षा शंभरपटीहून जास्त असतं. बारीक सुईनं ओढून घेतलेलं, नळीत जोरात हलवलेलं, मे महिन्याच्या उन्हात करमाळ्याहून मोटारसायकलच्या डिकीतून आलेलं रक्त सेंट्रिफ्यूजमधून काढलं, की वरचं सिरम पिवळसर असायच्या ऐवजी गुलाबी निघतं. तांबड्या पेशी फुटल्यात, एलडीएच खोटा वाढलेला येणार. असा नमुना परत मागवायचा असतो. परत मागवला तर ग्राहक रागावतो, कलेक्शन सेंटर रागावतं, म्हणून तसाच रिपोर्ट जातो आणि रुग्णाच्या घरात रडारड होते. मार्करवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंपैकी कुणीही सिरमच्या रंगाबद्दल बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. गुणवत्ता तिथं ठरते.

आणि निदानातले खरे मार्कर तर रक्तात नसतातच, ते गाठीच्या तुकड्यात असतात. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून त्याचे पातळ काप काढतात आणि त्यावर विशिष्ट प्रथिनं रंगवतात. एस-१००, सॉक्स-१०, मेलान-ए, एचएमबी-४५ रंगले की रंग नसलेला मेलॅनोमाही ओळखू येतो. मर्केल सेलमध्ये सीके-२० पेशीकेंद्राशेजारी ठिपक्यासारखा उमटतो आणि टीटीएफ-१ उमटत नाही. फुफ्फुसाच्या अगदी तशाच दिसणाऱ्या कॅन्सरमध्ये बहुधा याच्या उलट होतं. त्याच ब्लॉकवर बीआरएएफ आणि किट या जनुकांतले बदल तपासता येतात. पाश्चात्त्य देशांतल्या मेलॅनोमात बीआरएएफचा बदल निम्म्याच्या आसपास रुग्णांत सापडतो, पण आपल्याकडच्या तळपायाच्या प्रकारात तो बराच कमी आणि किटचा बदल तुलनेनं जास्त. तो असेल तर इमॅटिनिबसारखी गोळी उपयोगी पडू शकते. ज्या रुग्णाला या तपासण्यांची गरज आहे, त्याला आज त्या बाहेरगावी पाठवाव्या लागतात, किंवा पैशाअभावी होतच नाहीत. पॅकेजवर जाणाऱ्या पैशाचा थोडा वाटा जरी या ब्लॉकवर खर्च झाला, तरी खऱ्या रुग्णांचे उपचार बदलतील. सरकारी योजनांत शस्त्रक्रिया आणि केमो बसते, तशी निदानाची ही पायरीही पूर्णपणे बसायला हवी, ही मागणी 'मार्कर बंद करा' म्हणणाऱ्यांनी केली असती तर मी त्यांच्या पहिल्या रांगेत बसलो असतो.

रक्तावरचा एवढा विश्वास येतो कुठून, याचाही विचार करायला हवा. तो येतो बायोप्सीच्या भीतीतून. 'सुई लावली की गाठ पेटते' हे वाक्य मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकतो. बायोप्सी केल्यामुळे मेलॅनोमा पसरत नाही. तो पसरतो वाट बघण्यात. रक्त देणं सोपं, त्यात कापायचं नाही, घाबरायचं नाही, म्हणून लोक रक्ताकडून असा जबाब मागतात जो ते देऊच शकत नाही. आणि याहून घातक प्रकार म्हणजे डाग जाळून टाकणं. तीळ, चामखीळ, कुरूप समजून कॉटरीनं किंवा लेसरनं डाग जाळतात आणि तुकडा तपासायला पाठवतच नाहीत. काही महिन्यांनी जांघेत गाठ येते तेव्हा मूळ गाठीची जाडी किती होती हे सांगणारं काहीच उरलेलं नसतं. पायावरून काढलेला कोणताही काळा तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत पडलाच पाहिजे, असा आग्रह रुग्णानंच धरावा.

'माझे पैसे, माझं शरीर, मी तपासून घेईन' या युक्तिवादाचा मी आदर करतो. पण त्या पैशाबरोबर माणूस एक खात्री विकत घेतो, आणि ती खात्री खोटी असेल तर तो ग्राहक फसवला गेलाय. माझ्यासमोर बसलेल्या त्या यंत्रमाग कामगारानं स्वतःच्या मर्जीनंच रक्त दिलं होतं. हिरव्या खुणा तळपायाबद्दल काहीही सांगत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं त्या रिपोर्टवर पायाचा विषय सोडला असता का?

मग शिबिरं बंद करायची का? मुळीच नाही. पंढरपुरात आषाढीला राज्यभरातून पायी चालत आलेली माणसं जमतात आणि त्यांच्यासाठी मोठी आरोग्य शिबिरं लागतात. पायाला फोड आला, भेगा पडल्या, म्हणून वारकरी स्वतःहून पाय पुढे करतो. कुष्ठरोगाच्या शोध मोहिमेत आशाताई घरोघर जाऊन चट्टे बघतात, त्यांची नजर तयार आहे. सिव्हिलमध्ये मधुमेहाचे रुग्ण नियमित येतात आणि त्यांचे पाय तपासणं हा तसाही उपचाराचाच भाग आहे. या तिन्ही ठिकाणी तळवा, बोटांच्या बेचक्या आणि नखं बघायला नवीन यंत्र लागत नाही. शंका आली तर मोबाइलवर फोटो काढून त्वचारोगतज्ज्ञाला पाठवता येतो. तज्ज्ञ खेड्यात पोचत नाही हा आक्षेप रास्त आहे, पण वाढलेल्या मार्करचं पुढे काय करायचं हे सांगायलाही तज्ज्ञच लागतो.

यावर एक प्रश्न मला नक्की विचारला जाईल: तळपाय बघूनही खोटे इशारे मिळणार नाहीत का? मिळतील. सावळ्या माणसांच्या तळव्यावर निरुपद्रवी काळे ठिपके सर्रास असतात. निरोगी लोकांची कातडी सरसकट तपासून मृत्यू घटतात याचा पुरेसा पुरावा नाही, म्हणून मी तशी मागणी करतच नाही. जो माणूस पायाची तक्रार सांगतोय, ज्याची जखम महिनाभर भरत नाही, ज्याचा डाग पसरतोय, ज्याच्या एकाच नखात काळी पट्टी रुंदावत चाललीय, त्याच्याबद्दल मी बोलतोय. तिथंही डर्मोस्कोप नावाचं हातात मावणारं भिंग मदतीला येतं. जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवलंय, की साधा तीळ असेल तर रंग तळव्यावरच्या रेषांच्या खोबणीत बसतो आणि मेलॅनोमा असेल तर उंचवट्यांवर. ज्यांचा रंग उंचवट्यावर असेल, किंवा जिथं शंका फिटत नाही, तिथं बायोप्सी. मार्करच्या पॅकेजला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात तो तुकडा तपासून होतो. रिपोर्ट हातात आला की जाडी किती मिलिमीटर हे आधी वाचावं, आणि ब्लॉक मागून घेऊन घरात फाइलबरोबर जपून ठेवावा. पुढे पुण्याला जा, मुंबईला जा किंवा बार्शीला जा, पहिल्यांदा तोच मागतील.